मुठीवरचा शेंदूर

मी एक जुना मुद्गल आहे, मित्रांनो, देव नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण अनसिंगच्या ज्या घरात माझं आयुष्य गेलं, तिथे माझ्यापुढे नारळ फुटले, उदबत्त्या जळल्या आणि दात येणाऱ्या लेकरांची कपाळं माझ्या पायाशी टेकवली गेली. खरं तर मला पायही नाहीत. खाली जाड, वर निमुळता होत गेलेला, आणि शेवटी एका हाताच्या पकडीत मावेल एवढी मूठ, असा माझा देह. पैलवान मला मुठीशी धरतात, खांद्यावरून पाठीमागे सोडतात आणि पाठीभोवती फिरवून पुन्हा पुढे आणतात. त्याने खांदे मोकळे होतात, छाती रुंदावते. यापलीकडे माझ्यात काही चमत्कार नाही.

माझा जन्म रानातला. धावड्याचं लाकूड कठीण, म्हणून सुताराने मला बैलगाडीचा आख करण्यासाठी आणलं होतं. तासायला घेतलं तेव्हा माझ्या पोटात मोठी गाठ निघाली. "याचा आख केला तं भर बाजारात गाडी बसन," असं म्हणून त्याने मला भिंतीशी टेकवून ठेवलं. एक पावसाळा मी तिथेच भिजत काढला. वाळवी लागायच्या बेतात असताना गुलाबसिंग उस्ताद तिकडून चालले होते. मारोतीच्या देवळामागे त्यांचा आखाडा होता. त्यांनी मला उचलून पाहिलं, एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"हे कायले फेकून देलं?"

"गाठ हाय त्याच्यात, उस्ताद."

"असू दे ना. मले का त्याच्यावर बसून बजाराले जाचं हाय?"

सुतार हसला आणि त्याने लाकूड तासायचा वाकस हातात घेतला. त्याने मला घडवलं, काचेच्या तुकड्याने घासून गुळगुळीत केलं आणि जवसाचं तेल पाजलं. तेव्हा आमच्या मुलखात रेल्वे नुकतीच येऊ घातली होती. तिच्या रुळांच्या गोष्टी आखाड्यात रोज निघत. मी मात्र वर्षानुवर्षं एकाच जागी गोल फिरत राहिलो, आणि त्यात मला काही कमी वाटलं नाही.

आमच्या गावची माती काळी आणि चिकट. तिच्यात कुस्ती होत नाही. म्हणून उस्ताद लांबून तांबूस माती गाड्या भरून आणवीत, तिच्यात ताक, हळद आणि तेल कालवीत. त्या मातीचा वास अजून माझ्या अंगात आहे. याच मातीत जगदेव नावाचा एक किडकिडीत पोरगा एका सकाळी येऊन उभा राहिला. त्याने मला उचललं, पाठीमागे सोडलं, आणि माझ्या वजनाने तो तसाच मागे जाऊन बसला.

"अबे," उस्ताद म्हणाले, "तू मुद्गल फिरवून राह्यला का मुद्गल तुले?"

सगळा आखाडा हसला. जगदेवही हसला, आणि उठून त्याने मला पुन्हा उचललं. मला तेव्हाच तो आवडला.

वर्षभरात त्याचे खांदे भरले. माझी मूठ त्याच्या बोटांप्रमाणे झिजली. एका बाजूला अंगठ्याची खळी पडली. तो मला फिरवू लागला की मला माझं वजन जाणवत नसे.

आता एक नियम सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे. कोणाचा खाडा पडला, म्हणजे व्यायाम चुकला, तर उस्ताद त्याला रागवत नसत. मारोतीच्या पायाचा शेंदूर बोटावर घ्यायचा, माझ्या अंगाला टिळा लावायचा, हात जोडायचे. तो हात जोडून उभाच राहिला तर उस्ताद म्हणत, "लावला टिळा? झाली माफी. आता उचल. मारोतीले तुह्या रडन्याचं काय काम?" मग तो मला उचली, आणि फिरवता फिरवता तो टिळा घामाने पुसून जाई. व्यायाम संपेपर्यंत माझं अंग स्वच्छ होई. टिळा लावायचा तो पुसला जाण्यासाठीच.

पुढे उस्ताद थकले. आखाड्यातली पोरं कोणी कारंज्याला कापसाच्या जिनात कामाला गेली, कोणी रेल्वेच्या मातीकामावर. आखाड्याच्या मातीत गवत उगवलं. एक दिवस उस्तादांनी जगदेवला बोलावलं आणि मला त्याच्या हातात दिलं.

"घरी ने. आंगनात फिरव."

"खाडा पडला तं, उस्ताद?"

"पडन. संसार हाय, खाडा तं पडनच. खाडे मोजत नको बसू, बेटा. दुसऱ्या दिवशी हात घालजो फक्त."

त्यानंतर दोन महिन्यांनी उस्ताद गेले.

जगदेवरावांच्या अंगणातली ती वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यांत सुखाची. (आता त्यांना राव म्हणू लागले होते.) उजाडायच्या आधी ते मला घेऊन अंगणात येत. मनकर्णाबाई, त्यांची बायको, सडा टाकता टाकता म्हणत, "पैलवान, मांगं पाहा. सड्याची बादली फिरवान आज." त्यांची एकुलती लेक कस्तुरा उंबरठ्यावर बसून टाळ्या वाजवी. मी पाठीमागे गेलो की ती डोळे झाके आणि पुढे आलो की उघडे.

मग मानमोडीची साथ आली. तापाने माणसं दोन दिवसांत जात होती. एका घरातून तिरडी निघाली की दुसऱ्या घरात रडणं सुरू होई. त्या साथीत जगदेवरावांचा धाकटा भाऊ गेला आणि भावजयही गेली. भावाचं वावर, भावाचे बैल, म्हातारी आई, सगळं एका माणसाच्या अंगावर आलं. पहाटे ते आता अंगणात येत नसत. मोट जुंपायला विहिरीवर जात. परत येत तेव्हा अंधार पडलेला असे, आणि हातावर सौंदराचे, म्हणजे मोटेच्या दोराचे, वळ असत.

पहिल्या खाड्याच्या दिवशी, रात्री जेवण्याआधी, ते माझ्यापुढे उभे राहिले. ओसरीच्या भिंतीत एक देवळी होती, तिथे त्यांनी मला ठेवलं होतं. देवघरातला शेंदूर बोटावर घेऊन त्यांनी टिळा लावला. हात जोडले. मी वाट पाहिली.

"उद्या," ते म्हणाले, आणि जेवायला बसले.

मित्रांनो, मला त्यांचा राग आला नाही. दिवसभर मोट हाकलेल्या माणसावर कोण रागवेल? शेजारची रंगूबाई तर म्हणालीच, "जगदेवभाऊ, दिवसभर बैलाबरोबर तुमी राबता. तुमाले आणखी कायले व्यायाम पायजे?" जगदेवराव हसले, पण त्यांना ते पटलं नव्हतं. वावरातल्या कामाने त्यांची पाठ वाकत होती आणि एक खांदा खाली येत होता. त्यांना ते कळत होतं. आखाड्यातला माणूस आपलं शरीर ओळखतो.

दुसऱ्या दिवशीही टिळा लागला. तिसऱ्या दिवशीही. कधी कधी ते मला उचलायला हात पुढे करीत आणि मागे घेत. "आता दहा फेरे मारून काय व्हनार?" असं स्वतःशीच म्हणत. "उस्तादाच्या मुद्गलाले दहा फेरे? लाज वाटाले पायजे." ज्या दिवशी थोडा वेळ असे, त्या दिवशी त्यांना थोडक्यात भागवायची लाज वाटे. आणि पुष्कळ वेळ त्यांच्या वाट्याला कधी आलाच नाही.

टिळ्यावर टिळा बसत गेला. तेल आणि शेंदूर यांचा थर जाड होत गेला. आधी माझं अंग झाकलं, मग माझी मूठही. पुसणारा घाम नव्हता. दर शनिवारी ते मला हार घालू लागले. आणि शेंदूर लागला, हार पडला, की आपल्या लोकांना देव ओळखायला वेळ लागत नाही. रंगूबाईने पहिल्यांदा आपलं नातवंड आणून माझ्यापुढे टेकवलं. त्याला दात येत होते आणि ते रात्रंदिवस रडत होतं. दोन दिवसांनी दात आला, जसा तो येणारच होता. मग काय! गावातल्या बाया लेकरं घेऊन येऊ लागल्या. मला नाव मिळालं, मुद्गलबाबा.

"पैलवान," मनकर्णाबाई एकदा म्हणाल्या, "तुमच्या देवाले निवद काय दाखवाचा? पुरन का दंड-बैठका?"

जगदेवराव उठून गोठ्यात गेले. मनकर्णाबाई त्यानंतर तसं कधी बोलल्या नाहीत.

कस्तुरा तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेल. एका दुपारी तिने पाट घेतला, त्यावर चढली आणि माझ्या मुठीला हात घातला. जगदेवराव नेमके आत आले.

"ए, हात नको लावू! शेंदूर हाय त्याले."

"पन बाबा, तुमी तं याले फिरवत होते."

"तवा फिरवत होतो."

"मंग हा देव कवा झाला?"

त्यांनी तिला पाटावरून खाली उतरवलं. हात धुवायला पाठवलं. मग बराच वेळ देवळीसमोर बसून राहिले. "माफ करजो, उस्ताद," एवढंच म्हणाले. ते मला हल्ली उस्तादच म्हणत. मला ओरडून सांगावंसं वाटलं की मी उस्ताद नाही, उस्तादांनी तुमच्या हातात दिलेलं लाकूड आहे. पण लाकडाला आवाज कुठून असणार?

कस्तुराला धनजला दिली. निघताना तीही माझ्या पाया पडली. देवळीत एका कुंभारणीने, त्या मातीची घरं करणाऱ्या माशीने, माझ्या मानेशी घर बांधलं होतं. त्यावरही पुढच्या शनिवारी शेंदूर लागला. काही वर्षांनी मनकर्णाबाई गेल्या. घरात जगदेवराव एकटे, आणि देवळीत मी. त्यांचे केस पिकले. चालताना धाप लागू लागली. आता वावर त्यांनी बटाईने दिलं होतं, मोट थांबली होती, सकाळ मोकळी होती. मला वाटलं, आता तरी. पण इतक्या वर्षांचा शेंदूर आमच्या मध्ये होता.

मग एका सकाळी आंघोळ करताना ते खाली बसले आणि उठू शकले नाहीत. उजवा हात लोंबत होता, तोंड किंचित वाकडं झालं होतं. रंगूबाईने आरडाओरडा केला. धनजला निरोप गेला. कस्तुरा आली, तेव्हा तिचे बाबा ओसरीवर, माझ्यासमोरच्या बाजेवर पडलेले होते.

मारोतराव वैद्य येत. त्यांनी तेल दिलं, काढा दिला आणि एक दिवस स्पष्ट सांगितलं, "जगदेवराव, हात पुरा गेला नाई. बोटं हालून राह्यली. त्याले काम द्या. हातात काहीतरी धरा, वजन उचला, थोडं थोडं. नुसतं पडू देलं तं हा हात असाच वाळन."

"जेवता येईन का, वैद्यबुवा?" जगदेवरावांनी विचारलं.

त्यांना तेवढंच हवं होतं. आपल्या हाताने जेवणं. लेकीने भरवलेला घास ते मान वळवून घेत, डोळे मिटून गिळत. डाव्या हाताने खाऊन पाहत, तर भाजी अंगावर सांडे, आणि मग ते जेवतच नसत.

"येईन," वैद्य म्हणाले. "पन हात हालवला तं."

वैद्य गेल्यावर जगदेवरावांनी देवळीकडे पाहिलं. मी वाट पाहत होतो, मित्रांनो. इतकी वर्षं पाहिली नव्हती तशी.

"कस्तुरे," ते म्हणाले, "माह्यावतीनं टिळा लाव."

तिने लावला. दुसऱ्या दिवशीही लावला. चौथ्या-पाचव्या दिवशी शेंदराची वाटी हातात घेऊनच ती वळली.

"बाबा, टिळा लावला."

"बरं."

"आता उचलाचा ना?"

"आधी हात बरा होऊ दे."

"वैद्यबुवा म्हनते, उचलला तं बरा होईन."

"तुले नाई समजत. इतक्या वर्साचा खाडा हाय माहा. कोन्या तोंडानं हात लावू त्याले?"

"मंग आणखी किती टिळे लागतीन?"

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. कस्तुराने वाटी खाली ठेवली आणि ती चुलीपाशी जाऊन बसली. तिथून मला तिची पाठ तेवढी दिसत होती.

पुढचे तीन आठवडे असेच गेले. हात बारीक होत चालला. वैद्य बोटं दाबून पाहत आणि पिशवी उचलून निघत.

एका दुपारी जगदेवरावांचा डोळा लागला होता. कस्तुराने मला देवळीतून खाली काढलं. मी जड झालो होतो. तिने मला पोटाशी धरून मांडीवर घेतलं. कोमट तेल माझ्या मुठीवर ओतलं आणि भाकरी उलथायच्या उलथण्याने ती खरवडू लागली. वरचा थर केशरी निघाला. खालचा काळपट, धुराचा. त्याखाली पुन्हा केशरी. कुंभारणीचं वाळलेलं घर तुकडे होऊन तिच्या लुगड्यावर पडलं. तिच्या नखांत शेंदूर गेला. ती थांबली नाही.

"काय करून राह्यली वं?"

जगदेवराव जागे झाले होते.

"मूठ मोकळी करून राह्यली."

"देव खरवडते? पाप लागन तुले!"

"लागू द्या," कस्तुरा म्हणाली. "तुमी तं देव केला त्याले. तरी तुमच्या जिवाची टोचनी गेली का, बाबा?"

ती हे मोठ्याने म्हणाली नव्हती. उलथणंही तिने थांबवलं नव्हतं. थोड्या वेळाने शेवटचा पापुद्रा निघाला आणि माझी मूठ उघडी पडली. काळी, गुळगुळीत, एका बाजूला अंगठ्याची खळी असलेली. कस्तुराने पदराने ती पुसली.

ते पाहत राहिले.

"आन इकडे," ते म्हणाले.

तिने मला बाजेवर आणलं. डाव्या हाताने त्यांनी उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडली आणि माझ्या मुठीवर ठेवली. अंगठा खळीत बसला. बोटं मात्र मिटली नाहीत, म्हणून कस्तुराने आपल्या हाताने ती मिटून धरली. मग दोघांनी मिळून मला उचललं. खरं सांगायचं तर तिनेच उचललं. मी त्यांच्या खांद्यापर्यंतही गेलो नाही. छातीशी आलो, थोडा उजवीकडे झुकलो आणि परत बाजेवर टेकलो. माझ्या सगळ्या आयुष्यातला तो सगळ्यांत लहान फेरा. पण किती वर्षांनी त्यांचा श्वास मी असा जवळून ऐकला!

"एवढ्याले व्यायाम म्हनते का?" त्यांनी विचारलं. डोळ्यांतलं पाणी कानाकडे वाहत होतं.

"आजच्यापुरतं म्हनते."

"उस्ताद असते तं हासले असते."

"हासू द्या. आपनबी हासू."

त्या संध्याकाळी त्यांनी भाकरीचा तुकडा उजव्या हातात मागितला. तो तोंडापर्यंत गेला नाही, मांडीवर पडला. त्यांनी मान वळवली नाही. "पडली," ते म्हणाले, आणि कस्तुराने भरवलेला दुसरा तुकडा तिच्याकडे पाहत खाल्ला. झोपताना त्यांनी मला देवळीत ठेवू दिलं नाही. "इथंच असू दे. सकाळी थंड्यात करू. मले उठवजो."

"उठवीन," कस्तुरा म्हणाली.

या आधीही त्यांनी 'उद्या' म्हटलेलं मी हजार वेळा ऐकलं होतं. हा उद्या मात्र खरा होता. तो मी त्यांच्या आवाजावरून ओळखला.

पहाटे त्यांचा डावा हात माझ्या मुठीवर होता. तो हळूहळू सैल झाला. त्यापेक्षा जास्त मला काही कळलं नाही.

कस्तुरा त्यांना उठवायला आली. दोन हाका मारल्या. मग तिने मला बाजेवरून अलगद उचलून खाली ठेवलं आणि त्यांचं पांघरूण नीट केलं.

तेरावा झाल्यावर रंगूबाई शेंदराची पुडी घेऊन आली. "माय, देवाले असं अर्धं उघडं ठेवू नये. बरं नसते. मी लावून देतो."

"नको, रंगूमावशी."

"अवं, पन..."

"मी आल्या दिवशीच खरवडलं असतं तं?" कस्तुरा एकदम म्हणाली. "एका महिन्यात हात सुधरला असता. मीबी टिळेच लावत बसली."

रंगूबाईने तिला जवळ घेतलं. या प्रश्नाचं उत्तर रंगूबाईपाशी नव्हतं. वैद्यांपाशीही नसतं. माझ्यापाशी तर नाहीच. मला एवढंच माहीत आहे, की त्या महिन्याआधी कितीतरी वर्षं गेली होती, आणि त्यांतल्या कोणत्याही सकाळी जगदेवरावांनी नुसता हात घातला असता तर मी उठलो असतो. मी त्यांना एकदाही विचारलं नसतं की काल कुठे होता. लाकूड कालचा हिशेब मागत नाही, मित्रांनो. ती सगळी बोलणी, ती सगळी शरम, त्या भल्या माणसाने एकट्यानेच वाहिली. माझ्याहून ते ओझं किती जड होतं!

कस्तुरा मला धनजला घेऊन आली. गाडीत लोकांनी विचारलं तेव्हा तिने "बाबाचं हाय" एवढंच सांगितलं. सासू म्हणाली, "बाईमानूस मुद्गल फिरवते, कोनी पाह्यलं तं?" तरी मागच्या परसात, कडब्याच्या गंजीआड, ती मला उचलते. तिला अजून नीट जमत नाही. मी तिच्या खांद्यावर आपटतो. कधी मधेच थांबून ती मला छातीशी धरते आणि तशीच उभी राहते, आणि त्या दिवशी व्यायाम तिथेच संपतो. घरातली कामं आहेत, लेकरं आहेत, वावर आहे. दोन-दोन दिवस तिला यायला जमत नाही. एकदा तर आठवडा गेला.

आठवड्यानंतर ती आली, पदर खोचला, माझ्याकडे पाहिलं. तिचा हात क्षणभर कपाळाकडे गेला, नमस्कार करावा तसा. मग तिने तो खाली घेतला आणि माझी मूठ धरली.

मित्रांनो, तुमच्याही घरात असं काहीतरी असेल. व्यायाम असेल, एखादं वाद्य असेल, सुटून गेलेला अभ्यास असेल. दिवस धावपळीचे आहेत, खाडा पडणारच. त्याला हार घालू नका. त्याच्यापुढे डोळे पुसत बसू नका. जगदेवरावांसारखं मोठ्या मोकळ्या दिवसाची वाट तर मुळीच पाहू नका. जमेल तेवढा, एक लहानसा फेरा मारा आणि ठेवून द्या.

तुमचा हात जोपर्यंत उघडतो आणि मिटतो आहे, तोपर्यंत या. रिकाम्या हाताने या. मला धरायला रिकामाच हात लागतो.